सिस्टम हेडर चाचणी (सी प्रीप्रोसेसर)

सी कंपायलरचा प्रीप्रोसेसर (भाषांतराआधी ‘#’च्या ओळी हाताळणारा भाग) यंत्रणेची हेडर फाइल (प्रोग्रॅममध्ये ओढून घ्यायच्या व्याख्यांची फाइल) आणि प्रोग्रॅमरची स्वतःची हेडर फाइल यांत नीट फरक करतो की नाही, हे तपासण्याची पद्धत. जीसीसी हा कंपायलर सिस्टम हेडरमधून, म्हणजे यंत्रणेच्या हेडर फाइलीतून, उठणाऱ्या वॉर्निंग (इशारे) दाबून टाकतो. ‘#वॉर्निंग’ने मुद्दाम दिलेली तेवढी सुटते. एरर (भाषांतर अडवणाऱ्या चुका) मात्र दाबल्या जात नाहीत. ‘/यूएसआर/इन्क्लूड’ या यंत्रणेच्या फोल्डरमधल्या फाइली दुरुस्त करणे प्रोग्रॅमरच्या हातात नसते, आणि त्यांतला बराच मजकूर काटेकोर सी-मानकात बसवताही येत नाही, म्हणून ही सवलत.

कोकण किनाऱ्यावर ‘तिथीच्या पाऊणपट’ हा पूर्ण भरतीच्या वेळेचा जुना ठोकताळा आहे: अष्टमीला भरती सहाच्या सुमारास. रत्नागिरी-मालवणकडच्या विद्यार्थ्याने हा हिशेब मॅक्रो (वापराच्या जागी उलगडणारे नाव) म्हणून ‘भरती.एच’ या हेडर फाइलीत लिहावा आणि शेवटच्या ‘#एंडइफ’पुढे, कॉमेंटची खूण न करता, फाइलीचे नाव टाकावे. तिचा फोल्डर कंपायलरला ‘-आय’ या पर्यायाने (साधा फोल्डर म्हणून) दिला की त्या जादा शब्दाबद्दल वॉर्निंग येते. ‘-आयसिस्टम’ने (सिस्टम फोल्डर म्हणून) दिला की प्रीप्रोसेसर गप्प बसतो. त्याला ‘-डब्ल्यूसिस्टम-हेडर्स’ जोडले की वॉर्निंग परत येते. तिन्ही पायऱ्या करायलाच हव्यात. नुसते गप्प बसणे हा पुरावा नव्हे. त्याच नावाची दुसरीच फाइल उचलली गेली असली तरी पडदा कोराच राहतो.

कोणती फाइल उचलली गेली, ते ‘-ई’ (फक्त प्रीप्रोसेसर चालवण्याचा पर्याय) देऊन पाहावे. बाहेर पडणाऱ्या मजकुरात ‘#’, ओळ क्रमांक, फाइलीचे नाव आणि पुढे आकडे येतात: १ म्हणजे फाइलीत प्रवेश, २ म्हणजे परत, ३ म्हणजे सिस्टम हेडर. एक फसवी जागा इथेच आहे. ‘/यूएसआर/इन्क्लूड’ला ‘-आय’ लावून साधी फाइल ठरवू पाहिले, तर जीसीसी तो ‘-आय’ विचारातच घेत नाही.

जीसीसीच्या स्वतःच्या चाचण्या डेजाग्नू या चाचण्या चालवणाऱ्या चौकटीत चालतात. अपेक्षित वॉर्निंग ‘डीजी-वॉर्निंग’ने, येता कामा नये ती ‘डीजी-बोगस’ने नोंदवतात. हेडरमध्ये ‘#प्रॅग्मा जीसीसी सिस्टम_हेडर’ लिहिले की तिथून पुढचा भाग सिस्टमचा धरला जातो, त्यामुळे फोल्डरची खटपट लागत नाही. मुख्य सी फाइलीत मात्र ही ओळ निरुपयोगी.

सर्वांत नाजूक भाग मॅक्रोंचा. सिस्टम हेडरमधला मॅक्रो प्रोग्रॅममध्ये उलगडला, तरी काही वॉर्निंगांपुरती सवलत त्याच्यासोबत येते, सगळ्यांपुरती नाही. म्हणून व्याख्या हेडरमध्ये आणि वापर प्रोग्रॅममध्ये, अशा जोडीची चाचणी प्रत्येक वॉर्निंगसाठी वेगळी लिहावी लागते.