एक्सएसएलटीत ‘पहिला’ म्हणजे नक्की कुठला? मॅचमधला [1] आणि टेम्प्लेटच्या आतलं पोझिशन()

एक्सएमएलमधली (माहिती टॅगमध्ये लिहून ठेवायची पद्धत) यादी एक्सएसएलटीने (अशा फाईलवरून छापायचं पान बनवणारी भाषा) छापायला घेतली की पहिली ओळ वेगळी दाखवा, शेवटची वेगळी दाखवा, मधल्या एकाआड एक राखाडी करा, ही मागणी येतेच. ती पुरी करायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे टेम्प्लेटच्या (एखादा टॅग कसा छापायचा ते सांगणारा नियम) मॅचमध्येच (तो नियम कोणाला लागू ते सांगणारा भाग) अट घालायची, गाव[1] अशी. दुसरा म्हणजे सगळ्या गावांना एकच टेम्प्लेट ठेवायचा आणि आत पोझिशन(), म्हणजे रांगेतला नंबर, विचारायचं, 1 आला तर असं नाहीतर तसं. (कीवर्ड इंग्रजीतच टाईप करायचे, पण टॅगची नावं देवनागरीत दिली तरी चालतात, एक्सएमएलला ते मान्य आहे.) बऱ्याच जणांना वाटतं की हे एकच काम आहे, फक्त लिहायच्या पद्धती दोन. तसं नाही, दोन्ही वेगवेगळ्या रांगा मोजतात.

मी हे शिकवताना पंगतीचं उदाहरण देतो. घरातला थोरला हा जन्माने थोरला, तो पंगतीत कुठेही बसला तरी थोरलाच राहतो. पण पंगतीत पहिल्या पानावर कोण बसलंय ते त्या दिवशी कोणाला कसं बसवलं त्यावर ठरतं. गाव[1] म्हणजे थोरला: मूळ फाईलमध्ये आपल्या आईबापाखाली, त्याच नावाच्या भावंडांत पहिला. टेम्प्लेटच्या आतलं पोझिशन() म्हणजे पंगतीतलं पान: अप्लाय-टेम्प्लेट्स किंवा फॉर-ईच या टॅगना एकेक करून बोलावणाऱ्या आज्ञांनी आत्ता जी रांग लावली, तिच्यात कितवा.

आता खरं काम बघा. आमच्याकडे बेळगावात दुभाषी कामं कायम येतात, तीच माहिती मराठीतही पाहिजे आणि कन्नडमध्येही. असंच एका स्मरणिकेसाठी गावांच्या यादीचं काम होतं, तालुक्यावार:

<यादी>
  <तालुका नाव="बेळगाव">
    <गाव>येळ्ळूर</गाव>
    <गाव>उचगाव</गाव>
    <गाव>कडोली</गाव>
    <गाव>सांबरा</गाव>
  </तालुका>
  <तालुका नाव="खानापूर">
    <गाव>नंदगड</गाव>
    <गाव>जांबोटी</गाव>
  </तालुका>
  <तालुका नाव="निपाणी">
    <गाव>बोरगाव</गाव>
  </तालुका>
</यादी>

प्रत्येक तालुक्याच्या पहिल्या ओळीवर जाड रेघ पाहिजे होती. मी गाव[1] चा टेम्प्लेट लिहिला, कन्नड पान काढलं, एकदम बरोबर आलं, येळ्ळूरवर रेघ, नंदगडवर रेघ, बोरगाववर रेघ. मग मराठी पान काढलं, त्यात गावं अकारविल्हे लावायची होती म्हणून सॉर्ट टाकला, आणि बेळगावच्या यादीत उचगाव, कडोली, येळ्ळूर, सांबरा असा क्रम आला, रेघ मात्र येळ्ळूरवरच राहिली, म्हणजे तक्त्याच्या बरोबर मध्ये. खानापुरातही तेच, जांबोटी वर सरकली आणि रेघ खाली नंदगडवर. दोन तास मी सीएसएसमध्ये (पान दिसायचं कसं ते सांगणारी फाईल) चूक शोधत होतो आणि चूक तिथे नव्हतीच. सॉर्टने पंगत बदलली, थोरला कोण ते बदललं नाही, आणि मी विचारलं होतं थोरल्याला.

दोघांची गल्लत का होते तेही यातून दिसतं. कन्नड पानावर मूळ क्रम होता तसाच होता, म्हणून दोन्ही पद्धतींचं उत्तर एकच आलं असतं. क्रमाला हात लावेपर्यंत फरक दिसतच नाही.

मॅचमधली अट तपासताना प्रोसेसर (एक्सएसएलटी चालवणारा प्रोग्राम) हे बघत नाही की हा नोड (फाईलमधला एक टॅग किंवा मजकुराचा तुकडा) कोणी बोलावला, कुठल्या क्रमाने बोलावला. तो फक्त विचारतो की या गावाच्या आईबापापाशी उभं राहून गाव[1] निवडलं तर हाच नोड हाताला लागतो का. लागला तर टेम्प्लेट लागू. 16 नोव्हेंबर 1999 ला एक्सएसएलटी 1.0 आलं तेव्हापासून हे असंच आहे आणि 2017 च्या 3.0 मध्येही तसंच आहे. म्हणून तालुक्यात गावांच्या आधी एखादा <टीप> टॅग आला तरी गाव[1] ढळत नाही, तो फक्त गावंच मोजतो. आणि तालुके तीन तर ‘पहिली’ गावंही तीन.

पोझिशन() चं तसं नाही. यादी टॅगपाशी उभं राहून अप्लाय-टेम्प्लेट्सच्या सिलेक्टमध्ये (कोणाला बोलवायचं ते सांगणारा भाग) तालुका/गाव दिलं तर सगळी सात गावं एकाच पंगतीत बसतात, 1 ते 7, आणि नंदगड पाचवा होतो, खानापुरात पहिला असला तरी. सगळ्या तक्त्यात एकाआड एक पट्टे ओढायचे असतील तर हेच पाहिजे. पण प्रत्येक तालुक्याला मोजणी पुन्हा 1 पासून पाहिजे असेल तर तालुक्याच्या टेम्प्लेटमधून वेगळा अप्लाय-टेम्प्लेट्स करायचा, सिलेक्ट फक्त गाव, सॉर्ट त्याच्या आत. माझी रेघ शेवटी अशीच जागेवर आली.

आता पट्ट्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे भरपूर लोक अडकतात आणि दोष भलत्याला देतात. पोझिशन() ला 2 ने भागून बाकी 0 आली की राखाडी, असा नेहमीचा हिशोब. लिहिला, चालवला, आणि सगळ्याच ओळी राखाडी! कारण अप्लाय-टेम्प्लेट्सला सिलेक्ट दिलेलंच नाही. सिलेक्ट नसलं की तो सगळी मुलं घेतो, आणि नीट इंडेंट केलेल्या फाईलमध्ये दोन टॅगच्या मध्ये जी नवी ओळ आणि मोकळ्या जागा असतात, तोसुद्धा एक टेक्स्ट नोड असतो. मग रांगेत 1 ला रिकामा नोड, 2 ला येळ्ळूर, 3 ला रिकामा, 4 ला उचगाव. पंगतीत एकाआड एक रिकामं पान वाढून ठेवल्यासारखं, सगळी गावं सम आकड्यावर बसली. तीच फाईल एका ओळीत दाबून दिली की पट्टे बरोबर येतात, त्यामुळे माणूस अजूनच चक्रावतो. स्वल्पविरामाचंही असंच, पोझिशन() लास्ट() (रांगेतला शेवटचा नंबर) एवढं नसेल तर स्वल्पविराम दे असं लिहिलं की शेवटच्या गावापुढेही स्वल्पविराम येतो, कारण खरा शेवटचा नोड त्याच्या मागची मोकळी जागा आहे. उपाय सोपा आहे, सिलेक्टमध्ये गाव असं स्पष्ट लिहा, किंवा स्टाईलशीटच्या (एक्सएसएलटीच्या फाईलच्या) वर स्ट्रिप-स्पेस (अशा मोकळ्या जागा गाळायची आज्ञा) टाका. मी दोन्ही करतो. आणि एका मशीनवर चालणारं दुसऱ्यावर बिघडलं तर आधी पार्सर (एक्सएमएल फाईल वाचणारा प्रोग्राम) बघा, मायक्रोसॉफ्टचा एमएसएक्सएमएल अशा मोकळ्या जागा स्वतःहून काढून टाकतो, बाकीचे बहुतेक ठेवतात.

अजून एक फसवी जागा आहे. पहिलं गाव वेगळं हाताळून बाकीच्यांना सिलेक्टमध्ये ‘पोझिशन 1 पेक्षा मोठी’ अशी अट लावून बोलावलं, तर टेम्प्लेटच्या आत दुसऱ्या गावाचं पोझिशन() 1 येतं, 2 नाही. रांगच नवीन लागलीय की, मग मोजणी नव्यानेच होणार.

मग वापरायचं कुठलं? माझं मत, दिसण्यापुरतं जे आहे, रेघ, पट्टा, स्वल्पविराम, ते पोझिशन() ने करा, कारण ते छापल्या क्रमाला चिकटलेलं पाहिजे. मूळ कागदातच पहिलं असण्याला अर्थ असेल, म्हणजे लेखाचा पहिला परिच्छेद किंवा पत्त्याची पहिली ओळ, तर मॅचमध्ये [1] घाला. तिथे क्रम कोणी हलवत नाही, आणि टेम्प्लेट वेगळा राहिल्याने आत अटींचं जंगल होत नाही.

मॅचवाल्या रस्त्यावर निपाणीसारखा तालुका मात्र आधी तपासून घ्या. तिथे यादीत एकच गाव. गाव[1] चा एक टेम्प्लेट आणि गाव[लास्ट()] चा दुसरा असेल तर बोरगाव दोन्हीत बसतं. अट असलेल्या मॅचला आपोआप 0.5 प्रायॉरिटी (अग्रक्रमाचा आकडा, मोठा असेल तो जिंकतो) मिळते, साध्या गाव ला 0, त्यामुळे साधा टेम्प्लेट मागे पडतो पण हे दोघे बरोबरीत येतात. एक्सएसएलटी 1.0 च्या नियमाने ही चूकच आहे, प्रोसेसरने ती दाखवली नाही तर फाईलमध्ये शेवटी लिहिलेला टेम्प्लेट लागतो. मग बोरगाववर वरची जाड रेघ येत नाही, फक्त खालची येते. अशा वेळी ‘पहिला आणि शेवटचाही’ असा तिसरा टेम्प्लेट लिहून त्याला प्रायॉरिटी 1 हाताने द्यायची.