राज्यशास्त्रात पीएच.डी. करायची आहे: पात्रता, नेट-पेट, कागद आणि आराखडा

एम.ए. राज्यशास्त्र झालं की बहुतेकजण आधी नेटची, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेची, पुस्तकं आणतात. त्यात चूक काही नाही, पण प्रवेश हुकतो तो बरेचदा परीक्षेमुळे नव्हे. कुणाचं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र केंद्राऐवजी राज्याच्या नमुन्यातलं निघतं, कुणाच्या नेटच्या निकालाची मुदत संपलेली असते, कुणाला हव्या असलेल्या गाईडकडे जागाच नसते. म्हणून ही माहिती टप्प्याटप्प्याने दिली आहे, आणि राजकीय सिद्धांत किंवा राजकीय विचार या शाखेत काम करू इच्छिणाऱ्यांसाठी संशोधन आराखड्याबद्दल थोडं सविस्तर लिहिलं आहे. ते सहसा कुणी सांगत नाही.

आधी पात्रता

विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच.डी.साठीचे सध्याचे विनियम नोव्हेंबर 2022 चे आहेत. तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांचं एम.ए., किंवा चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाचं एम.ए., आणि त्यात किमान 55 टक्के गुण. चार वर्षांची पदवी 75 टक्क्यांनी पूर्ण केली असेल तर एम.ए.शिवायही अर्ज करता येतो. एम.फिल. याच विनियमांनी बंद झालं, पण आधी मिळवलेली पदवी वाया जात नाही.

सवलतीच्या बाबतीत एक फरक लक्षात ठेवा. पीएच.डी.च्या विनियमांत अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी नॉन-क्रिमीलेअर, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) या सगळ्यांना 5 टक्क्यांची सूट आहे. नेटमध्ये मात्र ईडब्ल्यूएसला ही सूट नाही, तिथे 55 टक्केच लागतात. म्हणजे एम.ए.ला 53 टक्के असलेला ईडब्ल्यूएस विद्यार्थी विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला (पेटला) बसू शकतो, नेटला नाही. आणि नेटमध्ये 54.8 चे 55 होत नाहीत, पूर्णांकात बदल चालत नाही. गुणपत्रिकेवर फक्त सीजीपीए असेल तर टक्केवारीचं सूत्र स्वतः लावू नका. विद्यापीठाचं सूत्र गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं असतं, नसेल तर परीक्षा विभागाकडून रूपांतराचं पत्र घ्या.

नेट, सेट, पेट: कशाने काय मिळतं

राज्यशास्त्राचा नेटमधला विषय क्रमांक 02. पहिल्या पेपरला 50 प्रश्न, 100 गुण. दुसऱ्याला 100 प्रश्न, 200 गुण. दोन्ही मिळून सलग तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे प्रश्न कोरा सोडणं म्हणजे निव्वळ नुकसान. अभ्यासक्रमात दहा घटक आहेत आणि पहिले तीन राजकीय सिद्धांत, राजकीय विचार आणि भारतीय राजकीय विचार यांचे. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नाही. मराठी माध्यमातून एम.ए. केलेल्यांची इथे वेगळीच अडचण होते. ‘अधिमान्यता’ पक्की माहीत असते, पण प्रश्नात ‘लेजिटिमसी’ किंवा हिंदीतली ‘वैधता’ दिसली की क्षणभर अडखळायला होतं. संज्ञांची तिन्ही भाषांतली वही करणं हा यावरचा साधा इलाज.

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असतानाही नेट देता येते. निकालानंतर दोन वर्षांच्या आत आवश्यक टक्केवारीसह पदवी पूर्ण व्हावी लागते.

जून 2024 पासून नेटचा निकाल तीन वर्गांत लागतो. पहिल्या वर्गात जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती), सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेश हे तिन्ही मिळतं. दुसऱ्यात सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी., तिसऱ्यात फक्त पीएच.डी. जेआरएफवाल्यांची निवड मुलाखतीवर होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाला नेटच्या गुणांचं 70 टक्के आणि मुलाखतीचं 30 टक्के वजन असतं.

खरी मेख मुदतीत आहे. जेआरएफचं पत्र तीन वर्षं चालतं, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एकच वर्ष ग्राह्य धरले जातात. विद्यापीठाची जाहिरात लांबली तर हातातला निकाल शिळा होतो आणि पुन्हा परीक्षा द्यावी लागते. (दुसऱ्या वर्गाची प्राध्यापकपदाची पात्रता मात्र कायम राहते, ती या एका वर्षाच्या अटीत मोडत नाही.) म्हणून निकाल लागल्याच्या आठवड्यातच कोणकोणती विद्यापीठं त्या वर्षी प्रवेश देणार आहेत याची यादी करावी.

जेआरएफला वयाची अट 30 वर्षांची आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी नॉन-क्रिमीलेअर, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना त्यात पाच वर्षांची सूट. जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि पुढे 42,000 रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. पण पैसे नेट पास झाल्यापासून नव्हे, पीएच.डी.ला रुजू झाल्यापासून सुरू होतात.

सेट ही महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची परीक्षा. ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि राज्यशास्त्राचा पेपर मराठीतही असतो. तिने प्राध्यापकपदाची पात्रता मिळते, जेआरएफ मिळत नाही. सेटवाल्यांना पेटमधून सूट आहे की नाही हे त्या त्या विद्यापीठाच्या परिपत्रकात शब्दशः वाचा. “मागच्या वर्षी होती” हे उत्तर चालत नाही.

पेट म्हणजे विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा. निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर, निम्मे विषयावर. उत्तीर्ण व्हायला 50 टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना 5 टक्के सूट. अंतिम यादीत पेटला 70 आणि मुलाखतीला 30 टक्के. राज्यशास्त्राचे चांगले विद्यार्थी पेटमध्ये नापास होतात ते संशोधन पद्धतीच्या अर्ध्या भागात. विषय येतो म्हणून तो भाग ते शेवटच्या आठवड्यावर टाकतात.

गाईडकडे जागा आहे का

एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी, ही कमाल मर्यादा. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्या गाईडला नवा विद्यार्थी घेता येत नाही. राजकीय सिद्धांतात मुळातच गाईड थोडे, कारण बहुतेकांचं काम निवडणुका, पक्ष, स्थानिक स्वराज्य संस्था किंवा लोकप्रशासनात असतं. जाहिरातीबरोबर मार्गदर्शकनिहाय रिक्त जागांची यादी येते. ती आली की लगेच ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर त्या गाईडच्या हाताखाली झालेले प्रबंध काढून पाहा. तुमचा विषय फुल्यांवरचा आणि गाईडचे सगळे प्रबंध जिल्हा परिषदांवरचे असतील, तर प्रवेश मिळूनही पुढची पाच वर्षं एकट्यानेच वाचायची तयारी ठेवा.

कागद

दहावीपासून एम.ए.पर्यंतच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्रं, नेट-सेट-जेआरएफचं पत्र, टीसी, विद्यापीठ बदलत असाल तर मायग्रेशन (स्थलांतर दाखला), नोकरीत असाल तर एनओसी (ना-हरकत पत्र). यादी सरळ आहे, गोंधळ तपशिलात होतो.

पहिला गोंधळ नावाचा. आपल्याकडच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव असा क्रम असतो; आधारवर नाव आधी. नेटच्या अर्जात दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव जसंच्या तसं टाका आणि आधार त्याच्याशी जुळवून घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत लागते. विवाह नोंदणीचा दाखला सगळीकडे पुरेसा धरत नाहीत.

दुसरा, आणि सगळ्यात जास्त प्रवेश खाणारा, जातीच्या दाखल्यांचा. राज्य विद्यापीठात राखीव जागेसाठी जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर चालतं. नेट आणि केंद्रीय विद्यापीठांसाठी केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र लागतं आणि आपली जात केंद्रीय यादीत असावी लागते. केंद्रात विमुक्त जाती-भटक्या जमाती असा वेगळा प्रवर्ग नाही, त्यामुळे आपली जात केंद्रीय ओबीसी यादीत आहे का हे पोटजातीच्या नावासकट तपासा. मराठा समाजासाठीचा राज्याचा एसईबीसी प्रवर्गही केंद्रात नाही. त्या विद्यार्थ्यांनी नेटचा अर्ज खुल्या गटातून करायचा किंवा निकषांत बसत असतील तर ईडब्ल्यूएसमधून. कुणबी प्रमाणपत्र असेल तर केंद्रीय ओबीसीचा मार्ग खुला आहे. ईडब्ल्यूएसचा केंद्राचा दाखला एकाच आर्थिक वर्षापुरता असतो. मार्चमध्ये काढलेला दाखला जूनमध्ये उपयोगाचा नाही, तो एप्रिलनंतरच काढा. या निकषांत आठ लाखांच्या उत्पन्न मर्यादेबरोबर शेतजमिनीची पाच एकरांची मर्यादाही आहे. गावाकडे सातबारावर एकत्र कुटुंबाची जमीन दिसते, ती मोजताना तहसील कार्यालयात प्रकरण अडतं. तेव्हा अर्ज लवकर टाका.

तिसरा मायग्रेशनचा. हा दाखला ज्या विद्यापीठातून शेवटची परीक्षा दिली तिथूनच मिळतो. नवं विद्यापीठ सुरुवातीला हमीपत्रावर प्रवेश देतं, पण मुदतीत कागद आला नाही तर पात्रता विभाग नोंदणी रोखतो, आणि ती रोखली की शिष्यवृत्तीही अडकते.

नोकरी करत पार्ट-टाइम पीएच.डी. करता येते. एनओसीत तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात: पार्ट-टाइम पीएच.डी.ला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपात संशोधनाला वेळ मिळतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त केलं जाईल. “आमची हरकत नाही” एवढ्या एका ओळीची एनओसी परत येते. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही.

आराखडा: इथे वेळ घाला

मुलाखतीत आराखड्यावरच बोलणं होतं आणि राजकीय सिद्धांताचे आराखडे तिथे सर्वांत जास्त पडतात. ‘डॉ. आंबेडकरांचे राजकीय विचार: एक अभ्यास’ हे शीर्षक नापास होण्याची हमखास रीत आहे. त्यात प्रश्नच नाही. समितीतला कुणीही विचारेल, “अभ्यास करून काय सांगणार?”

त्याऐवजी प्रश्न असा बांधता येतो. 1919 मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे आंबेडकरांनी अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्यांनीच निवडावेत अशी मांडणी केली. 1928 मध्ये सायमन आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी प्रौढ मताधिकारासह संयुक्त मतदारसंघ आणि राखीव जागा मागितल्या. गोलमेज परिषदेत पुन्हा स्वतंत्र मतदारसंघांची बाजू घेतली. ही फक्त डावपेचांतली बदलाबदल होती, की ‘प्रतिनिधित्व’ या संकल्पनेचीच त्यांची समज बदलत गेली? आता प्रश्न आहे, कालखंड आहे, मूळ साधनं ठरली आहेत आणि विरुद्ध उत्तराचीही शक्यता आहे. त्याच काळातल्या त्यांच्या ‘बहिष्कृत भारत’ या पाक्षिकातल्या मराठी अग्रलेखांशी ही इंग्रजी निवेदनं ताडून पाहिली तर मराठी वाचणाऱ्या संशोधकाला असा फायदा मिळतो जो दिल्लीतल्या बहुतेकांना नाही.

दुसरी नेहमीची चूक संशोधन पद्धतीच्या रकान्यात होते. पेटसाठी पाठ केलेलं सगळं तिथे ओतलं जातं: प्रश्नावली, यादृच्छिक नमुना, 200 उत्तरदाते. विषय न्यायाच्या संकल्पनेचा आणि पद्धत सर्वेक्षणाची! संहितेचं वाचन, संकल्पनेचं विश्लेषण, विचार ज्या वादात मांडला गेला त्या वादाचा ऐतिहासिक संदर्भ, या सिद्धांतातल्या पद्धती आहेत. कोणती वापरणार आणि का, हे दोन परिच्छेदांत लिहा.

अडचण येते ती ‘गृहीतके’ या रकान्याची, कारण अनेक विद्यापीठांच्या छापील नमुन्यात तो असतोच. कोरा ठेवला तर छाननीत अर्ज मागे येतो, आणि “आंबेडकरांचे विचार आजही प्रासंगिक आहेत” असं लिहिलं तर ते गृहीतक नव्हे, भाषणातलं वाक्य झालं. तिथे आपलं मध्यवर्ती प्रतिपादन एक-दोन वाक्यांत लिहावं, असं की एखादा जाणकार ते नाकारू शकेल.

पूर्वसंशोधनाच्या भागात पुस्तकांची नुसती जंत्री नको. त्या प्रश्नावर कोणती दोन-तीन उत्तरं दिली गेली आहेत आणि त्यांत काय सुटलं आहे, ते सांगा.

प्रबंधाची भाषा नोंदणीच्या वेळीच ठरवावी लागते. मराठीत लिहिणार असाल तर संज्ञा आधी नक्की करा: ‘लिबर्टी’ आणि ‘फ्रीडम’ दोन्हींना आपण स्वातंत्र्यच म्हणतो, आणि प्रबंधाचा मुद्दा त्या फरकावर उभा असेल तर पंचाईत होते. टंकलेखन पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टमधला मजकूर साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही आणि चार वर्षांनी अख्खा प्रबंध रूपांतरित करायला लागतो, त्यात जोडाक्षरं फुटतात. साम्याची मर्यादा 2018 च्या नियमांप्रमाणे 10 टक्के आहे.

प्रवेशानंतरच्या तारखा

कोर्सवर्क 12 ते 16 श्रेयांकांचं, त्यात 55 टक्के आवश्यक. ते पूर्ण झाल्याशिवाय प्रबंध सादर करता येत नाही. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची. एकूण कालावधी किमान तीन वर्षं, कमाल सहा, त्यावर दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते. महिला आणि 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन. महिलांना प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजाही आहे.

जेआरएफ नसलेल्यांनी नोंदणीपत्र हातात पडताच बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी) किंवा महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) या राज्य सरकारच्या संस्थांपैकी आपल्या प्रवर्गाच्या संस्थेची जाहिरात पाहायला लागावं. त्यांच्या अधिछात्रवृत्त्यांना नोंदणीचा पुरावा लागतो आणि नोंदणीची तारीख जाहिरातीतल्या मुदतीत बसावी लागते. म्हणून विभागाकडून मिळणाऱ्या पत्रावर तात्पुरत्या प्रवेशाची तारीख आहे की कायम नोंदणीची, ते तिथल्या तिथे वाचून घ्या. दोन्हींत कित्येकदा काही महिन्यांचं अंतर असतं.