भारतीय पासपोर्टवर ब्रिटनच्या संसदेसाठी मत : पात्रता, नोंदणी आणि कागदपत्रं

२२ मे २०२४ च्या संध्याकाळी भर पावसात उभं राहून ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी संसदेची निवडणूक जाहीर केली. मतदान ४ जुलैला आणि मतदार नोंदणीची मुदत १८ जूनच्या मध्यरात्रीपर्यंत, म्हणजे पुरते चार आठवडेही नाहीत. त्या दिवसांत ओळखीतल्या प्रत्येक मराठी घरात एकच संवाद ऐकला : "आपण तर व्हिसावर. आपल्याला कसलं मत?"

तर, मत आहे. भारत राष्ट्रकुलात आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक कायदेशीर परवानगीने ब्रिटनमध्ये राहत असेल, तर त्याला संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. स्टुडंट व्हिसा असो, स्किल्ड वर्कर असो, डिपेंडंट असो की कायम वास्तव्याची परवानगी असो, फरक पडत नाही. ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही आणि अमुक वर्षं राहिलं पाहिजे अशीही अट नाही. सप्टेंबरमध्ये पुण्याहून एमएससी करायला आलेली मुलगी ऑक्टोबरमध्ये नाव नोंदवू शकते. तिच्या शेजारी वीस वर्षं राहणारा फ्रेंच माणूस मात्र ब्रिटिश नागरिक झाल्याशिवाय संसदेसाठी मत देऊ शकत नाही. युरोपीय लोकांना हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही, आणि त्यांचं काही चुकतही नाही.

कारण जुनं आहे. साम्राज्यातली सगळी प्रजा 'ब्रिटिश सब्जेक्ट', म्हणून तिला मत. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेले दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीमधून खासदार झाले, ते याच नात्याने. तेही अवघ्या पाच मतांनी. पुढे भारत स्वतंत्र झाला, पण राष्ट्रकुलात राहिला. १९४८ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्याने राष्ट्रकुलातल्या नागरिकांचा हा दर्जा कायम ठेवला. दर्जा नंतर गेला, मताचा हक्क तेवढा उरला.

मतदानाच्या दिवशी वय १८ पूर्ण हवं. नोंदणी त्याआधीच करता येते : इंग्लंडमध्ये १६ व्या वर्षापासून, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १४ व्या. उत्तर आयर्लंडची यंत्रणा आणि ओळखपत्रांची यादी वेगळी आहे, त्यामुळे बेलफास्टवाल्यांनी पुढचा मजकूर जसाच्या तसा लागू धरू नये.

अर्ज

सरकारच्या गव्ह डॉट यूके संकेतस्थळावर 'रजिस्टर टू व्होट' शोधा. पाच मिनिटांचं काम आहे. नाव, जन्मतारीख, पत्ता, नागरिकत्व आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर विचारतात. पगार सुरू असेल तर हा एनआय नंबर पेस्लिपवर असतोच. विद्यार्थ्यांकडे तो बहुधा नसतो आणि गाडी इथेच अडते. 'नंबर नाही' असं लिहून त्याचं कारण द्या आणि अर्ज पुढे पाठवा. मग काउन्सिलचं, म्हणजे स्थानिक पालिकेचं, निवडणूक नोंदणी कार्यालय ओळखीचा पुरावा मागतं, त्याला पासपोर्टची प्रत पाठवायची. हा पत्रव्यवहार वेळ खातो, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

नावाकडे नीट बघा. आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर जे आहे तेच नोंदवा. मधलं नाव राहिलं तर सहसा कोणी अडवत नाही, पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि नोंदणी सासरच्या नावाची असेल तर मतदानाला जाताना विवाह प्रमाणपत्रही बरोबर न्यावं लागेल. नसती दगदग.

अर्जात 'ओपन रजिस्टर'चा प्रश्न येतो. त्या यादीची प्रत कोणालाही विकत घेता येते. जाहिरातींची पत्रं नको असतील तर 'नको' म्हणा, मताला काही होत नाही. मूळ मतदार यादी क्रेडिट तपासणाऱ्या कंपन्याही बघतात. नव्याने आलेल्याला मोबाइलचं कॉन्ट्रॅक्ट किंवा कर्ज घेताना यादीतल्या नावाचा उपयोग होतो. निवडणुकीत रस नसला तरी नोंदणी करावी, याला एवढं एक कारण पुरे.

मुदत मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधी, रात्री ११.५९ ला संपते. पुढची निवडणूक ऑगस्ट २०२९ च्या मध्यापर्यंत व्हायलाच हवी, पण पंतप्रधान ती आधीही बोलावू शकतात. म्हणून घराचा करार झाला की काउन्सिल टॅक्सच्या जोडीने हेही उरकून टाकायचं. आणि घर बदललं की पुन्हा नोंदणी. नाव आपोआप नव्या पत्त्यावर जात नाही. विद्यार्थ्याचं नाव कॉलेजच्या आणि घरच्या अशा दोन पत्त्यांवर असू शकतं, मत मात्र एकदाच. दोनदा देणं गुन्हा आहे.

मतदान केंद्रावर काय न्यायचं

२०२२ च्या इलेक्शन्स अॅक्टनंतर फोटो ओळखपत्र सक्तीचं झालं. संसदेच्या सार्वत्रिक निवडणुकीत ते पहिल्यांदा लागलं २०२४ मध्ये. राष्ट्रकुलातल्या देशाचा पासपोर्ट चालतो, म्हणजे आपला निळा पासपोर्ट चालतो. मुदत संपलेला असला तरी चालतो, फक्त फोटोतला चेहरा ओळखू आला पाहिजे. ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, भारतीय नाही. आधार, पॅन, कॉलेजचं किंवा ऑफिसचं ओळखपत्र चालत नाही. ज्येष्ठांचं साठीनंतरचं ऑयस्टर कार्ड (लंडनच्या बस-ट्रेनचं प्रवासकार्ड) चालतं आणि विद्यार्थ्यांचं चालत नाही, यातला न्याय मला अजून समजलेला नाही. मूळ वस्तू हातात हवी. फोनमधला पासपोर्टचा फोटो दाखवलात तर परत पाठवतील, मात्र रात्री दहापर्यंत पासपोर्ट घेऊन पुन्हा येता येतं.

यातलं काहीच नसेल तर 'व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट' मोफत मिळतं. त्यासाठी फोटो लागतो आणि एनआय नंबर विचारतात, मुदत मतदानाच्या सहा कामकाजी दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत. बँकेचं कार्डही ओळखपत्र म्हणून चालवण्याचा आणि मतदानाचं वय १६ करण्याचा मानस सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केला, तेव्हा त्या वेळची यादी तपासून मगच निघा.

घरी टपालाने येणारं पोल कार्ड बरोबर असलं तर बरं, नसलं तरी अडत नाही. केंद्र कुठे आहे ते मात्र त्यावर छापलेलं असतं : चर्चचा हॉल, शाळा, वाचनालय. दाराशी पक्षाची रोझेट, म्हणजे फितीचा बिल्ला, लावलेला कोणी नम्रपणे तुमचा क्रमांक विचारेल. तो निवडणूक अधिकारी नव्हे, त्याला काही सांगण्याचं बंधन नाही. आत मशीन नाही, बोटाला शाई नाही. कागदी मतपत्रिका, दोऱ्याने बांधलेली पेन्सिल आणि नावापुढच्या चौकोनात एक फुली. पेन्सिलवर विश्वास नसेल तर स्वतःचं पेन वापरा, चालतं. बरोबरची खूण मारायच्या सवयीने हात वळतो, म्हणून सांगतो : फुलीच मारा.

त्या दिवशी इथे नसाल तर

टपाली मतासाठी ११ कामकाजी दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत अर्ज करायचा, कोऱ्या कागदावरच्या सहीचा फोटो जोडून. पाकिटातल्या फॉर्मवर सही आणि जन्मतारीख लिहावी लागते. घाईत तिथे आजची तारीख पडली की मत बाद. सुट्टीत भारतात असाल तर टपालाच्या नादी लागू नका, मतपत्रिका जाऊन परत येईपर्यंत निकाल लागलेला असेल. त्यापेक्षा प्रॉक्सी नेमा : इथल्या मतदार यादीतला विश्वासाचा माणूस तुमच्या केंद्रावर जाऊन तुमचं मत देतो. अर्ज सहा कामकाजी दिवस आधीपर्यंत, आणि ओळखपत्र त्याने स्वतःचं न्यायचं, तुमचं नव्हे. मतदानाच्या तोंडावर पासपोर्ट हरवला किंवा चोरीला गेला, तर त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत तातडीचा प्रॉक्सी मागता येतो.

कायमचे भारतात परतलात आणि नागरिकत्व भारतीयच असेल, तर इथलं मत संपलं. ब्रिटिश नागरिकत्व घेऊन परतलेल्यांचं तसं नाही. पंधरा वर्षांची जुनी मर्यादा १६ जानेवारी २०२४ पासून उठली आहे, त्यामुळे कोथरूडमध्ये राहूनही त्यांना परदेशस्थ मतदार म्हणून नाव ठेवता येतं. ही नोंदणी दर तीन वर्षांनी नव्याने करावी लागते.