डोळे पिवळे, शौच पांढरं

कावीळ झाल्याचा संशय आला की घरचे आधी डोळ्याची खालची पापणी ओढून बघतात, मग नखं बघतात. शौचाचा रंग कुणी विचारत नाही आणि माणूसही आपणहून सांगत नाही. खरं तर कावीळ कोणत्या प्रकारची आहे, याचा निम्मा निकाल तिथंच लागतो.

आपलं यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं. त्यातले क्षार तेल-तुपाचे बारीक थेंब करतात. तेव्हा कुठे ते आतड्यात शोषलं जातं, आणि त्याच्यासोबत अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही. पित्ताचं दुसरं काम कचरा वाहून नेण्याचं. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की बिलिरुबिन हा पिवळा पदार्थ उरतो. यकृत त्याला पाण्यात विरघळेल असं करून पित्तात सोडतं आणि पुढे आतड्यातले जिवाणू त्याचं जे काही करतात, त्यातून शौचाला तपकिरी रंग येतो.

पित्त खाली उतरलंच नाही तर हा रंगही येत नाही. शौच पांढरट, चिकट, घाण वासाचं होतं. विरघळलेलं बिलिरुबिन उलट रक्तात शिरतं आणि लघवीवाटे निघतं, म्हणून लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते.

अडथळा कुठे आहे, हा पुढचा प्रश्न. संत्र्याच्या बागेत पाणी पोहोचत नसेल तर मोटार बिघडली की पाइप तुंबला, हे शेतकरी आधी तपासतो. इथेही तेच करायचं. यकृताच्या पेशीच पित्त बाहेर टाकेनाशा होतात तेव्हा कारण विषाणूजन्य कावीळ असेल, मोहाची किंवा देशी दारू असेल, नाहीतर एखादं औषध. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट हे रोजच्या वापरातलं अँटिबायोटिकही काहींना हा त्रास देतं, आणि तोही कधी कधी गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनी. त्यामुळे संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. पाइप तुंबण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पित्तनलिकेत सरकलेला खडा. उजव्या बरगडीखाली कळ, हुडहुडी भरून ताप आणि कावीळ असं एकत्र आलं तर सकाळची वाट बघू नये, रात्रीच गाडी काढावी. उतारवयातल्या माणसाचं काही न दुखता पिवळेपण वाढत चाललं असेल आणि वजन उतरत असेल, तर स्वादुपिंडाच्या किंवा पित्तनलिकेच्या गाठीची शंका घ्यावी लागते.

आपल्याकडे यात एक वेगळा गुंता आहे, सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हा आजार घराघरांत ठाऊक आहे. सिकलसेलच्या तांबड्या पेशी १० ते २० दिवसांतच मोडतात. बिलिरुबिन जास्त तयार होतं आणि डोळे कायमच थोडे पिवळे दिसतात. घरच्यांना त्याची सवय होऊन जाते. पण याच जादा बिलिरुबिनचे पित्ताशयात काळे खडे होतात, अगदी शाळकरी पोरांतही. त्यातला एखादा नलिकेत अडकला तर "याचे डोळे तर नेहमीच पिवळे असतात" म्हणून दिवस निघून जातात. नुसत्या सिकलसेलमध्ये शौच पांढरं पडत नाही. ते पांढरं झालं, की सोनोग्राफी करायलाच हवी.

पिवळेपणाच्या आधीही एक लक्षण येऊ शकतं, ते म्हणजे खाज. तळहात, तळपाय, आणि रात्री जास्त. एप्रिल-मेच्या उन्हात तिला उष्णता म्हणून सोडून देणं सोपं असतं. घामोळ्यात बारीक पुरळ दिसतं. या खाजेत खाजवल्याच्या ओरखड्यांशिवाय त्वचेवर काही नसतं. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत अशी खाज सुटली तर रक्तातल्या पित्ताम्लांची तपासणी करावी. त्यांचं प्रमाण फार वाढलं तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो. बाईला मात्र बाळंतपणानंतर काही दिवसांत आराम पडतो.

आणि तान्हं लेकरू. जन्मानंतर पहिल्या आठवड्यात बरीच बाळं पिवळी दिसतात आणि आपोआप निवळतात. म्हणूनच दोन आठवड्यांनंतरही कावीळ राहिली तर "कोवळं ऊन दाखवा" एवढ्यावर भागवू नये. काही बाळांच्या पित्तनलिका जन्मानंतरच्या आठवड्यांत बंद होत जातात. बाळ दूध पितं, हसतं, अंगानं बरं दिसतं. फक्त शी फिकट होत जाते आणि लंगोटाला गडद पिवळे डाग पडतात. तान्ह्या बाळाची लघवी जवळजवळ बिनरंगी असायला हवी. यावर जपानच्या मोरिओ कसाई यांनी १९५० च्या दशकात शोधलेली शस्त्रक्रिया आहे, पण ती साधारण ६० दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता जास्त. तैवानने २००४ पासून देशभर आईच्या हाती शीच्या रंगांचं कार्ड दिलं. आपल्या आशाताई बाळाकडे १४व्या, २१व्या, २८व्या आणि ४२व्या दिवशी येतातच. त्यांनी "बाळ अंगावर पितं का" याच्या जोडीला "शीचा रंग दाखवा" एवढं म्हटलं, तरी माझ्या मते एखाद्या महागड्या यंत्रापेक्षा जास्त काम होईल.

काविळीची माळ आणि उतारा यांच्यावर विश्वास बसतो, त्यालाही कारण आहे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांना काही आठवड्यांत आपोआप सोडते आणि श्रेय बुवाला जातं. आंब्याच्या सालीचा रस हाताला लावून चुन्याच्या पाण्यात हात धुतले, तर धडधाकट माणसाचंही पाणी पिवळं होतं. अडलेला खडा किंवा बंद झालेली नलिका मात्र अशी वाट बघून सुटत नाही. जेवणातून हळद बंद करण्यालाही अर्थ नाही. डोळ्यांतला पिवळेपणा बिलिरुबिनचा असतो.

दवाखान्यात एकूण बिलिरुबिनसोबत 'डायरेक्ट', म्हणजे यकृताने विरघळण्याजोगं केलेलं, किती आहे ते विचारावं, अल्कलाइन फॉस्फटेज (पित्त अडलं की रक्तात वाढणारं एक विकर) बघावं, पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा लहानशा जखमेचं रक्त थांबत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगावं. पित्त न उतरल्याने के जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. अशा वेळी के जीवनसत्त्व तोंडाने न देता इंजेक्शनातून देतात, आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर त्याआधीच.