सामू ८.२ आणि ईसी ०.३५ आला म्हणजे जमीन खारट झाली का?

माती परीक्षणाचा कागद हातात आला की आपल्याकडं सगळे आधी सामू (म्हणजे पीएच) बघतात, ८.२ दिसला की 'क्षार लई वाढलेत' म्हणून मोकळे, अन् दुकानदार लगेच जिप्समच्या गोण्या काढतो. त्याच कागदावर खालच्या ओळीत ईसी, म्हणजे विद्युत वाहकता, ०.३५ (डेसिसायमन प्रति मीटर) लिहिलेली असते, तिकडं कुणी ढुंकून बघत नाही. क्षार किती ते सांगणारा आकडा खरं तर तोच, आणि ०.३५ म्हणजे काळजीचं काहीच नाही. वरण आंबट किती ते सामू, खारट किती ते ईसी, एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

मराठवाड्याच्या काळ्या जमिनीचा सामू बहुतेक ठिकाणी ७.५ ते ८.५ च्या मधे निघतो, कारण मातीतली चुनखडी. आता गंमत बघा, या मातीत लोह भरपूर असतं, पण सामू एका अंकानं वाढला की विरघळलेलं फेरिक लोह हजारपट कमी होतं, म्हणजे माल गोदामात हाय पण कुलूप लागलंय. स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो, जस्ताचंही तसंच. सोयाबीनचं शेंड्याचं पान तोडून उन्हाकडं धरा, शिरांची हिरवी जाळी अन् मधला भाग पिवळाधम्मक दिसला, खालची जुनी पानं मात्र हिरवीच, तर हा लोहाचा प्रकार. लोक त्यावर युरिया मारतात! नत्र कमी असतं तर आधी खालची पानं पिवळी पडली असती.

ईसी वाढल्यावर चित्रच वेगळं. पानांच्या कडा अन् टोकं करपतात, वाफ्यावर पांढरा थर येतो, आणि जमीन ओली असूनही झाड दुपारी मान टाकतं, कारण खारट पाणी मुळाला ओढवत नाही. जायकवाडीच्या लाभक्षेत्रात जिथं निचरा नाही अन् पाणी मोकाट सोडलंय तिथं हे दिसतं. नेटवर ४ च्या वर ईसी म्हणजे क्षारयुक्त असं वाचून निवांत राहू नका, तो आकडा संपृक्त अर्काचा, म्हणजे माती पाण्यानं पुरती भिजवून त्यातून काढलेल्या पाण्याचा, आपल्या लॅबचा बहुतेक १ भाग माती अन् अडीच भाग पाणी असा असतो, तिथं १ च्या वर गेला की सावध व्हायचं. अजून एक, ईसी पावसाळ्यानंतर बराच उतरलेला असतो अन् मे महिन्यात चढलेला, सामू मात्र एवढा हलत नाही.

उपायही म्हणूनच वेगळे. क्षार वाहून जातात, फक्त चर काढून निचरा द्यावा लागतो. सामू तसा धुऊन जात नाही. एकरी वरच्या १५ सेंटीमीटर मातीचं वजन साधारण ९०० टन, त्यात चुनखडी फक्त १० टक्के धरली तरी ९० टन, अन् ती सगळी मारायला जवळजवळ २९ टन गंधक लागेल, आता कोण टाकणार? दोन-चार गोण्या गंधकानं पिकाला थोडा फायदा होईल, अख्ख्या शेताचा सामू उतरत नाही. आणि जिप्सम? ते चोपण जमिनीला, जिथं सोडियम जास्त, सामू ८.५ च्या वर, पाऊस पडला की चिखल अन् वाळली की दगड. चुनखडीच्या रानात कॅल्शियम आधीच ढिगानं पडलंय, तिथं कॅल्शियमच देणारं जिप्सम म्हणजे पैसे मातीत, शब्दशः. पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब ढेकळावर टाकून बघा, फसफसलं तर चुनखडी आहेच.

मग करायचं काय, तर जमिनीशी भांडायचं सोडून लोह झाडाला थेट हातात द्यायचं, चिलेटमधून, म्हणजे लोह धरून ठेवणाऱ्या पदार्थात बांधून. दुकानात स्वस्त मिळतं ते ईडीटीए वालं लोह, फवारणीला ठीक आहे, पण ८ च्या सामूत ड्रिपमधून सोडलं तर टिकत नाही, तिथं ईडीडीएचए वालंच लागतं, महाग आहे हे खरं.

पाण्याचं पण तसंच बरं का. आरओ वाल्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) दाखवणारा पेन बोअरच्या पाण्यात बुडवून 'पीएच बघितला' म्हणणारे भेटतात, तो पेन ईसी मोजतो अन् ५०० ते ७०० च्या मधल्या आकड्यानं गुणून दाखवतो. पाण्याचा ईसी ०.७५ च्या आत असला तर छान, २.२५ च्या वर असला तर मोसंबीला नकोच.