मैत्रीतली तिसरी गोष्ट

दूर राहणाऱ्या मित्राशी फोन कसा होतो, हे बहुतेकांना पाठ असतं. तब्येत, नोकरी, घरचे, कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण. दहा-पंधरा मिनिटांत बातम्या संपतात आणि मग 'बाकी काय?' सुरू होतं. फोन ठेवावासा दोघांनाही वाटत नसतो, पण बोलायलाही काही सुचत नाही. पुढचा फोन महिन्याने होतो, त्यापुढचा थेट वाढदिवसाला.

काही जोड्यांचं मात्र असं होत नाही. वर्षानुवर्षं भेट नसते, तरी बोलणं सुरूच असतं. जरा चौकशी केली तर त्यांच्यात बहुधा एक तिसरी गोष्ट सापडते. दोघंही न चुकता वाचतात असा एखादा लेखक किंवा एखादं सदर, नाहीतर पक्षी पाहण्याचा दोघांचा छंद, टपालाने खेळलेले बुद्धिबळाचे डाव. 'आजचं वाचलंस का?' एवढ्या प्रश्नावर त्यांचा तासभर निघतो. दूरच्या मैत्रीचा बराचसा भार ही तिसरी गोष्टच उचलते, असं माझं ठाम मत आहे. ते केवळ अनुभवाचं नाही. मानसशास्त्रात आणि मेंदूविज्ञानात त्याला चांगला आधार आहे.

आधी अंतराने नेमकं काय बिघडतं ते पाहू. मैत्रीला वेळ लागतो, आणि किती लागतो याचा अंदाज अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडला. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकत्र जावे लागतात, पक्की मैत्री व्हायला ९० तास आणि जिवलग व्हायला २०० तासांहून जास्त. शेजारी राहणाऱ्यांचे हे तास आपोआप जमतात. दूर गेलेल्यांना प्रत्येक तास ठरवून काढावा लागतो. रॉबिन डनबार आणि सॅम रॉबर्ट्स यांनी शाळा संपवून पुढे निघालेल्या ब्रिटिश विद्यार्थ्यांचा दीड वर्ष पाठपुरावा केला. नातेवाईकांशी असलेली जवळीक बऱ्यापैकी टिकली, मैत्री मात्र भराभर ओसरली. ती कशाने टिकली हेही त्यात दिसलं. मुलींच्या बाबतीत बोलणं वाढवल्याने, मुलांच्या बाबतीत एकत्र काहीतरी केल्याने. हे सरासरीचे निष्कर्ष आहेत, प्रत्येकाला लागू पडतील असं नाही. पण दोन्ही गोष्टी एकदम साधणारं, तेही शेकडो मैलांवरून, असं काय आहे? एकच मजकूर दोघांनी वाचणं आणि त्यावर बोलणं. मला तरी याहून सोपं काही दिसत नाही.

'दोघांनी एकाच गोष्टीकडे पाहणं' ही क्रिया दिसायला अगदी किरकोळ आहे, पण तिचा परिणाम किरकोळ नाही. येल विद्यापीठात एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना चॉकलेटचे दोन तुकडे चाखायला दिले. एक चाखताना शेजारची व्यक्तीही तेच चॉकलेट खात होती, दुसरा चाखताना ती व्यक्ती चित्रं पाहण्यात गुंतली होती. दोन्ही तुकडे खरं तर एकाच वडीचे होते, आणि दोघांत एक शब्दही बोलला गेला नव्हता. तरी सोबतीने खाल्लेला तुकडा जास्त आवडला. नंतर फार कडवट चॉकलेट दिलं, तेव्हा सोबतीने खाल्लेलं जास्त नावडलं. म्हणजे सोबतीने अनुभव गोड होतो असं नाही, तो तीव्र होतो. दोन वर्षांनी याच संशोधकांना असंही दिसलं की सोबती परका वाटू लागला की हा परिणाम ओसरतो. दूरच्या मित्रांसाठी ही बाब महत्त्वाची आहे, कारण मैलांनी दूर असलेला माणूस मनाने जवळचा असू शकतो.

सोबती डोळ्यांसमोर असायलाच हवा, असंही नाही. गॅरी श्टाइनबर्ग यांच्या प्रयोगांत माणसं आपापल्या संगणकासमोर बसलेली असतात. 'आपल्यासारखंच कुणीतरी या क्षणी हेच पाहतंय' एवढं त्यांना कळलं, की पाहिलेली गोष्ट जास्त लक्षात राहते आणि तिच्याबद्दलच्या भावनाही गडद होतात. मात्र ते पाहणं एकाच वेळी घडत असल्याची जाणीव इथे मोलाची ठरते. ठरलेल्या वारी येणारं सदर दोघांनी त्याच संध्याकाळी वाचण्यात म्हणूनच वेगळी मजा असते. सवडीने चार दिवसांनी वाचलं तर मजकूर तोच मिळतो, पण 'ती पण आत्ता हेच वाचत असेल' ही जाणीव मिळत नाही.

ही ओढ फक्त माणसाची आहे का? वाउटर वोल्फ आणि मायकल टोमासेलो यांनी चिंपांझी आणि बोनोबो यांना माणसासोबत एक चित्रफीत पाहायला लावली. सोबतच्या माणसाने तीच फीत पाहिली असेल, तर नंतर हे वानर त्याच्याजवळ लवकर गेले. तो दुसरीकडे पाहत बसला असेल, तर तितके लवकर गेले नाहीत. २०१९ मधला हा निष्कर्ष मला फार लोभस वाटतो. भाषा नाही, चर्चा नाही, फक्त नजर एका ठिकाणी लागलेली. सोबत पाहण्याने जवळीक वाढण्याचं मूळ आपल्या फार जुन्या पूर्वजांपर्यंत जात असावं.

माणसाने त्यावर भाषा रचली आणि मग एक वेगळीच गंमत सुरू झाली. ती हर्बर्ट क्लार्क आणि डियाना विल्क्स-गिब्स यांच्या १९८६ मधल्या प्रयोगात छान दिसते. दोन जण, मध्ये पडदा. दोघांकडे त्याच १२ चमत्कारिक आकृत्या, त्रिकोण-चौकोनांचे तुकडे जोडून केलेल्या. एकाने वर्णन करायचं, दुसऱ्याने ते ऐकून आकृत्या त्याच क्रमाने लावायच्या, आणि हे सगळं सहा वेळा. पहिल्या फेरीत एकेका आकृतीला सरासरी ४१ शब्द लागले. 'बर्फावर घसरणारा माणूस वाटतोय, फक्त दोन्ही हात पुढे काढलेत' अशी लांबलचक वर्णनं चालली होती. सहाव्या फेरीपर्यंत त्याचं झालं फक्त 'घसरणारा'. सरासरी आठ शब्द.

पण मला जास्त विचार करायला लावतो तो क्लार्क आणि मायकल शोबर यांचा १९८९ चा पुढचा प्रयोग. त्यांनी हे संभाषण तिसऱ्या माणसाला ऐकवलं, पहिल्या शब्दापासून अगदी पूर्ण. त्याच्याकडेही त्याच आकृत्या होत्या. तरी त्याच्या चुका जास्त झाल्या. शब्द सगळे कानावर पडले होते, पण त्या शब्दांचा अर्थ ठरवण्यात त्याचा हात नव्हता. जुन्या मित्रांचं बोलणं बाहेरच्याला अर्धवट का कळतं, त्याचं उत्तर इथे आहे. वर्षानुवर्षं एकच लेखक वाचणाऱ्या दोघांना त्याच्या एखाद्या पात्राचं नाव घेतलं की पुरतं. 'आमचे साहेब अगदी तसेच' एवढ्यात पूर्ण साहेब उभे राहतात. एरवी त्या साहेबांचं वर्णन करण्यात फोनची पाच मिनिटं गेली असती.

मग असे दोघं मुळातच सारखे असतात की सोबतीने सारखे होतात? कॅरोलिन पार्किन्सन, अॅडम क्लाइनबाउम आणि थालिया व्हीटली यांनी २०१८ मध्ये एका अभ्यासक्रमाच्या २७९ विद्यार्थ्यांमधल्या मैत्रीचं जाळं नोंदवलं आणि त्यांपैकी ४२ जणांना निरनिराळ्या चित्रफिती दाखवत त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. मित्रांच्या मेंदूंचे प्रतिसाद एकमेकांशी सर्वांत जास्त जुळले, मित्राच्या मित्रांचे त्याहून कमी. लक्ष कुठे द्यायचं, काय आवडतं, कशाचा अर्थ कसा लावायचा, याच्याशी संबंधित भागांत हे जुळणं दिसलं. पुढे २०२५ मध्ये आलेल्या अभ्यासात तर एकमेकांना न भेटलेल्यांच्या मेंदूंचं साम्य आधी मोजलं होतं, आणि त्यावरून कोण पुढे मित्र होतील याचा काही अंदाज बांधता आला. मुळात थोडं साम्य लागतंच, असं यावरून दिसतं. तिसरी गोष्ट त्या साम्याला काम देते.

इतिहासात याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण चार्ल्स डार्विन आणि आसा ग्रे यांचं आहे. एक इंग्लंडमधल्या खेड्यात, दुसरा अमेरिकेत हार्वर्डमध्ये वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. मध्ये अटलांटिक. प्रत्यक्ष गाठीभेटी मोजक्याच. १८५५ मध्ये डार्विनने अमेरिकेतल्या पर्वतांवरच्या वनस्पतींची माहिती विचारली आणि तिथून हा पत्रव्यवहार वाढत गेला. ५ सप्टेंबर १८५७ च्या पत्रात डार्विनने नैसर्गिक निवडीचा सिद्धांत थोडक्यात मांडला. तो तेव्हा अप्रकाशित होता आणि फार थोड्यांना ठाऊक होता.

दोघांचे मतभेद काही लहान नव्हते. ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती, सृष्टीमागे योजना आहे असं मानणारा. डार्विनला ते पटत नव्हतं. त्यात १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातही तणाव आला, आणि पत्रांतून तो जाणवू लागला. पण पत्रं थांबली नाहीत, कारण मध्ये फुलं होती. कोणतं ऑर्किड कीटकाला परागकण कसे चिकटवतं, ग्रेने तिकडे काय पाहिलं, डार्विनने इकडे काय पाहिलं. ग्रेने १८५८ मध्ये वेलींच्या तणाव्यांवर छोटं टिपण लिहिलं होतं, तणावे म्हणजे आधाराला विळखा घालणारे नाजूक धागे. त्याने डार्विनला काकडीच्या कुळातल्या एका रानवेलीचं बी पाठवलं. १८६३ च्या उन्हाळ्यात ती वेल डार्विनच्या अभ्यासिकेत वाढत होती. तिचा शेंडा दीड-दोन तासांत हळूहळू एक पूर्ण गिरकी घेतो, हे त्याने तासन्‌तास बसून टिपलं. त्यातून १८६५ मध्ये वेलींवरचा मोठा निबंध आला, आणि १८७७ मध्ये फुलांवरचं एक पुस्तक त्याने ग्रेला अर्पण केलं.

युद्धावर आणि देवावर या दोघांचं एकमत कधीच झालं नसतं. तणाव्यांवर एकमताची गरजच नव्हती, तिथे पुढच्या पत्रात सांगायला नेहमी काहीतरी नवं होतं. तिसरी गोष्ट निवडताना मी हाच निकष लावेन, ती स्वतःहून नवं काही देत राहते का. दोघांनी वीस वर्षांपूर्वी वाचलेलं आवडतं पुस्तक आठवणींसाठी उत्तम, पण ते पुन्हा पुन्हा तेच देतं. दर आठवड्याला येणारा मजकूर, हळूहळू सरकणारी एखादी लेखमाला, ऋतूबरोबर बदलणारी बाग जास्त कामाची. मैत्री चालू ठेवायला आपल्या आयुष्यात दर आठवड्याला काही घडलंच पाहिजे, ही अट त्याने सुटते.

बातम्यांना यात कमी लेखायचं नाही. आई आजारी आहे, नोकरी गेली, हे मित्राला कळायलाच हवं. पण अशा वेळी फोन उचलायला धीर व्हावा, यासाठी मधल्या काळात बोलणं सुरू असावं लागतं. लारा अॅक्निन आणि जिलियन सँडस्ट्रॉम यांनी २०२४ मध्ये दाखवलं की संपर्क सुटलेल्या जुन्या मित्राला निरोप पाठवायला माणसं कमालीची कचरतात. मित्राला आनंदच होईल असं त्यांना वाटत होतं, पत्ता हाताशी होता, वेळही दिला होता, तरी एक तृतीयांशाहून कमी लोकांनी निरोप पाठवला. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांचा २०२२ चा अभ्यास याची दुसरी बाजू सांगतो. असा निरोप समोरच्याला किती आवडेल, याचा पाठवणाऱ्याचा अंदाज खऱ्यापेक्षा कमी असतो, आणि निरोप अनपेक्षित असेल तर आनंद आणखी मोठा होतो. 'खूप वर्षं झाली, काय लिहू?' असं वाटून अडलेल्यांनी पहिल्या ओळीत माफीही मागू नये आणि मधल्या वर्षांचा हिशेबही देऊ नये. दोघांच्या आवडीच्या लेखकाचा कालच वाचलेला एक परिच्छेद पाठवावा, आणि खाली विचारावं, 'हे वाचलंस का?'