हायपरटेन्शन म्हणजे ‘फार टेन्शन’ नव्हे

‘मी कशाचंच टेन्शन घेत नाही, मग मला हायपरटेन्शन कसं?’ हा प्रश्न वर्षानुवर्षं ऐकू येतो. हायपरटेन्शन म्हणजे उच्च रक्तदाब, पण घोळ शब्दातच आहे. बोलताना टेन्शन म्हणजे काळजी, म्हणून हायपरटेन्शन म्हणजे अतोनात काळजी, असा हिशेब आपण लावून मोकळे होतो.

मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘ताणणे’. वैद्यकात हा ताण मनाचा नाही, रक्तवाहिन्यांमधला दाब आहे. विजेची ‘हाय टेन्शन’ तार आठवा. तिला कसली आलीय चिंता! तिथे हाच शब्द व्होल्टेजसाठी येतो.

रक्तदाब मोजताना दंडावरचा पट्टा हवेने आवळतो, मग हळूहळू सैल होतो आणि दोन आकडे मिळतात. वरचा हृदय आकुंचन पावतानाचा, खालचा ते सैलावतानाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत दोन वेगवेगळ्या दिवशी वरचा १४० किंवा जास्त, अथवा खालचा ९० किंवा जास्त भरला, तर ते हायपरटेन्शन. काळजीचा त्यात कुठे उल्लेखही नाही.

चिडलं, घाबरलं की दाब चढतो हे खरं, पण तो बहुधा उतरतोही. कायमच्या वाढीमागे वय, आनुवंशिकता, मीठ, वजन, कधी मूत्रपिंडाचा आजार असतो. त्यामुळे अगदी शांत माणसालाही हा विकार होतो, आणि बहुतेकांना काहीच जाणवत नाही. खरा घात होतो तो ‘आता टेन्शन संपलं’ म्हणून परस्पर गोळी बंद केल्यावर. संपलेली असते काळजी. दाब तिथेच असतो.